पनीरच्या अठराचे अठ्ठावीस

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. सुनंदाजवळ तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच.

माझी साखर वाढली तेव्हा डॉक्टरांनी भात, भाकरी, गूळ कमी करायला सांगितलं. ‘पण प्रोटीन मोजून खा,’ म्हणाले, ‘वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम.’ माझं वजन ब्याऐंशी. म्हणजे रोज ऐंशीच्या वर. सुनंदा, माझी बायको, साठ किलोची. तिला काही झालेलं नव्हतं. मी एकटाच वेगळं ताट घेऊन बसतो हे तिला बरं वाटेना, म्हणून तिनेही भाकरी सोडली.

आमच्या घरात अंडं शिजत नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. लग्नात मीही घातली होती. मग ऐंशी ग्रॅम आणायचे कुठून? पनीर, दही, शेंगदाणे, थोडं वरण — मी पनीर दुप्पट घेतलं तरी बेरीज पंचावन्नच्या पुढे सरकेना. उरलेलं मी तळोद्याला खात होतो. नोकरीसाठी शहाद्याहून रोज तिकडे जातो. स्टँडजवळ रफिकभाईचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. त्याच्या स्टोव्हवर दुपारी चार अंडी उकडायची.

माझं वजन उतरलं, साखर उतरली. सुनंदा म्हणाली, मलाही तक्ता लिहून द्या. इथेच — इथेच मी थांबू शकलो असतो. खरे आकडे लिहिले असते तर तिने माझीही बेरीज केली असती, आणि विचारलं असतं, तुमचे बाकीचे कुठून येतात? ती शेजारच्या मुलींना गणित शिकवायची. तिच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. मग मी काय केलं? पनीरच्या अठराचे अठ्ठावीस केले. दह्याच्या पाचाचे पंधरा. तिची बेरीज साठाच्या जवळ आली, माझी ऐंशीच्या वर. तक्ता मी फ्रिजवर चिकटवला. तिने तो वहीत उतरवून घेतला.

प्रत्यक्षात तिच्या पोटात चाळीसही जात नव्हते. मला ते ठाऊक होतं — रोज, प्रत्येक ताटाला.

काही महिन्यांत तिचे केस कंगव्यात येऊ लागले. भरलेली कळशी उचलताना हात थरथरायचे. एकदा म्हणाली, “तुमले पुरस, मंग माले का बरं नही पुरस?” मी म्हणालो, होईल सवय. रफिकभाईला हे सांगितलं तर त्याने अंडी सोलता सोलता मान वर केली. “भाभीले खरं सांगी दे,” म्हणाला. मी त्याच्याकडे जाणं बंद केलं नाही. फक्त तिचा विषय काढणं बंद केलं.

मग ती गच्चीच्या जिन्यात पाय लटपटून पडली. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून झाल्यावर हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, खाता काय? तिने पिशवीतून वही काढली. थोड्या अभिमानानेच काढली. त्यांनी वाचली, कपाळाला आठ्या घातल्या. “ताई, हे आकडे कुठून आणले? पनीरमध्ये इतकं नसतं.”

सुनंदाने वहीकडे पाहिलं. “मन्हंच उतारताना चुकनं व्हई,” ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी बसलो होतो. गप्प.

हा भित्रेपणा म्हणून सोडून देता आला असता. पण घरी आल्यावर ती पाय धुवायला गेली, आणि मी फ्रिजवरचा तक्ता काढला, फाडला, चुलीत घातला. तिने दोन्ही ताडून पाहू नये म्हणून. तिने विचारलं तेव्हा म्हणालो, जुना झाला होता, टाकला.

ती आता पूर्वीसारखी भाकरी-वरण खाते. केस परत आले. शेजारच्या मुलींना मात्र तिने दुसरीकडे पाठवलं. मन्हा आकडा चुकतस, म्हणते.

पीठ मळताना ती मधेच थांबते, डाव्या हाताने उजवं मनगट धरते. मी विचारतो, दुखतंय का? ती म्हणते, जराखं. मी परात माझ्याकडे ओढून घेतो आणि उरलेलं पीठ मळतो.