शालीवर सांडलेली वाइन

आमची ही गेली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी कारखान्यात लेथ चालवून रिटायर झालेलो. अमेरिकेत श्रूजबरीला घर. मुलगी बॉस्टनच्या एका हॉटेलात वाइन खरेदीचं काम करायची. "एवढं शिकून दारूच्या धंद्यात पडली," म्हणून ही कायम तणतणायची. माझी बाटली गॅरेजात असायची. स्वयंपाकघरात आणायची छाती नव्हती.

मुलगी कामासाठी फ्रान्सला निघाली, मलाही ओढून नेलं. तिकडे फेसाळ वाइन मुरवतात ती तळघरं खडूच्या दगडात खोदलेली. वर ऊन, खाली हुडहुडी. म्हणून मी हिची शाल पांघरली. ही गेल्यापासून धुतलीच नव्हती. हिच्या खोबरेल तेलाचा वास होता तिला. रोज उशाशी घेऊन झोपायचो.

खाली एक म्हातारा फळीच्या भोकांत उलट्या खोचलेल्या बाटल्या एकेक करून हातानं जराशा फिरवत होता. गाळ बुचाशी उतरावा म्हणून. त्याचा हात इतका भरभर चालायचा की मला हसूच आलं. ही गेल्यावर पहिल्यांदा हसलो. त्याच भरात चाखायला दिलेला ग्लास घेतला.

पिण्याआधी बोट बुडवून दोन थेंब गेलेल्यांच्या नावानं उडवायचे, ही माझी जुनी सवय. पण तो ग्लास नळीसारखा अरुंद. बोट जाईना. जोर केला, ग्लास कलंडला आणि सगळी वाइन शालीवर.

"बाबा! व्हॉट आर यू डुइंग?"

"तुझ्या आईला देत होतो."

"आईला? वाइन? शी वुड किल यू, बाबा!"

पोरगी खो खो हसली, आणि हसता हसता रडायला लागली. मला मान वर करवेना.

घरी आल्यावर शाल नाकाला लावली. तेल आणि दारू, दोन्ही वास एकात एक. धुतली तर हिचा वास जाणार. नाही धुतली तर हिला दारूत बुडवून ठेवल्यासारखं.

"लीव्ह इट, बाबा," मुलगी म्हणाली.

मी टबात कोमट पाणी घेतलं आणि हातानं धुतली. हिनं दारूचा वास घरात ठेवू दिला नसता.

वाळल्यावर हुंगली. नुसता साबण.

तिथं हसलो नसतो तर ग्लासही घेतला नसता. अजून शाल उशाशी घेतो. कधी तेलाची बाटली उघडतो, एक थेंब टाकावा म्हणून. मग बूच लावून ठेवून देतो.