हात कानाला लागल्याशिवाय इंग्रजी नाही

आमच्या गावात मुलांनी इंग्रजी कोणत्या वयात शिकायची, हे शिक्षण समितीच्या अध्यक्षांनी ठरवलं. अध्यक्ष किती शिकले होते हे गावात कुणी विचारत नसे. कमी शिकलेलं असणं हा गुन्हा नाही. माझे वडील चौथीपर्यंतच शिकले. पण दुसऱ्याच्या मुलाने कुठवर जायचं हे ठरवायला ते कधी बसले नाहीत.

गाव बारामती-इंदापूर रस्त्यापासून थोडं आत, कालव्याच्या कडेला. वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. मेळाव्याला किंवा जयंतीला गेले की इतरांचे वडील पोरांसाठी शेव-रेवडी आणत, आमचे पिशवीभर पत्रकं आणि पुस्तिका आणत. मी त्यांवरच वाचायला शिकले. माझ्या वाचनाची सुरुवात आटपाट नगराने झाली नाही, 'बंधू-भगिनींनो' या शब्दाने झाली. त्यामुळे कुणी मोठ्याने खोटं बोललं की मला गप्प बसवत नाही. याला गावात 'आगाऊपणा' म्हणतात.

दहावीला मला चांगले गुण मिळाले आणि मी बारामतीला सायन्सला प्रवेश घेतला. तोवर सगळं मराठीतून. इंग्रजी पाचवीपासून, तीही गुरुजींनी फळ्यावर लिहून दिलेली, कधी न बोललेली. कॉलेजात पहिल्या तासाला सर जे काही बोलत होते त्यातलं मला 'ओके' एवढंच कळलं. शेजारच्या बाकावरच्या, कॉलनीतल्या इंग्रजी शाळांतून आलेल्या मुली भराभर लिहून घेत होत्या. माझी बुद्धी त्यांच्यापेक्षा कमी नव्हती. मला फक्त उशीर झाला होता. सहामाहीनंतर मी आर्ट्सला गेले. ज्यांनी कधी शाखा बदलायचा अर्ज लिहिला नाही, त्यांनी मला 'भाषा काय, कधीही येते' हे सांगू नये.

माझी धाकटी बहीण तेव्हा दुसरीत होती. तिच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. आणि त्याच वर्षी इंदापूरहून बदली होऊन एक तरुण बाई आमच्या शाळेत आल्या. त्या म्हणाल्या, "शाळा भरायच्या आधी एक तास मी पहिली ते चौथीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. फी नको. फक्त एक खोली उघडून द्या."

मुख्याध्यापक गुरुजी म्हणाले, "समितीला विचारावं लागेल." हे गृहस्थ खडू संपला तरी समितीला विचारत.

बैठक शाळेच्या ओट्यावर झाली. अध्यक्षांना सगळं गाव तात्या म्हणत असे. तात्या सतरंजीवर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाई, पोरांची जीब अजून मराठीला वळंना, अन् तुमी तिच्यावर इंग्रजीचं वझं घालताय? कच्च्या मडक्यात पाणी वतलं तर पाणी बी जातं अन् मडकं बी."

माना डोलल्या. तात्यांचा नातू सहा वर्षांचा. तो रोज सकाळी टाय बांधून जीपमधून बारामतीच्या इंग्रजी शाळेत जायचा. डोलणाऱ्या सगळ्यांनी ती जीप रोज पाहिलेली होती.

मग तात्यांनी खिशातून एक पत्रक काढलं. कुठल्याशा परिषदेत त्यांना फुकट मिळालेलं. शिक्षण मातृभाषेतूनच द्यावं, असं त्यावर ठळक अक्षरात होतं. तेच पत्रक आमच्या घरी होतं, आणि त्यातला शब्दन् शब्द मला पटलेला होता. आजही पटतो. म्हणूनच अंगाची लाही झाली.

मी उठून म्हणाले, "तात्या, मागचं पान वाचा."

"का गं?"

"गणित, विज्ञान मराठीतून शिकवा, आणि दुसरी भाषा विषय म्हणून लहानपणीच सुरू केली तरी चालेल, असं मागच्या पानावर आहे. बाई गणित इंग्रजीतून शिकवत नाहीयेत."

"कालिजात जाऊन पानं उलटायला शिकली म्हंजी लई झालं व्हय?" तात्या म्हणाले, आणि ओटा हसला. या देशात पत्रकं छापणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: मागच्या पानावर काही छापू नये. पुढाऱ्यांचा हात तिथवर जात नाही.

गिरणीवाले चाचा मागे उभे होते. ते म्हणाले, "तात्या, आमचं धाकटं पाच वर्साचं हाय. मशिदीत जाऊन अरबी वाचतंय. त्येचं मडकं काय फुटलं न्हाय अजून."

"ते धर्माचं हाय चाचा. त्येला वय नसतं."

वडील बोलले, "आमची पोरं विहारात पालीत वंदना म्हणत्यात. तीन-तीन वर्साची. मी त्यांना वळीवळीचा अर्थ सांगतो. ती बी आमची घरातली भाषा न्हाय."

"ते बी धर्माचंच."

म्हणजे ज्या भाषेत प्रार्थना करायची ती तिसऱ्या वर्षी झेपते, आणि ज्या भाषेत नोकरीचा अर्ज करायचा ती झेपत नाही. बाईंनी शांतपणे विचारलं, "मग कोणत्या वयापासून चालेल ते तरी सांगा."

आता पंचाईत झाली. पाचवी म्हणावं तर नातू पहिलीत. पहिली म्हणावं तर खोली उघडावी लागणार. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि तोडगा काढला.

"आमच्या वक्ताला जन्माचे दाखले कुणाकडं व्हते? उजवा हात डोक्यावरनं न्यायचा, डाव्या कानाला लागला तर पोरगं शाळंत. इंग्रजीला बी तसंच करू. ज्येचा हात कानाला लागंल त्यो बसंल, ज्येचा लागणार न्हाय त्यो थांबंल. भांडान मिटलं!"

गुरुजींनी टाळी वाजवली. डी.एड. झालेल्या माणसाने टाळी वाजवली. हाताच्या लांबीचा आणि जिभेचा काय संबंध, असं विचारणारी मी एकटीच होते, आणि मला पुन्हा 'आगाऊ' म्हणून खाली बसवलं गेलं.

धाकटी अंगाने बारीक होती. संध्याकाळी ती भिंतीला पाठ लावून सराव करत राहिली. हात डोक्यावरून जायचा आणि कानाच्या वर बोटभर अंतरावर थांबायचा.

"आई, जरा वढ की हात."

"वढून कुठं वाढतोय व्हय हात? अन् मान वाकडी करू नगं, त्यो गुरजी लई बारीक बघतोय."

"मग कान वर कर."

आई हसली. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानात पोरांची रांग लागली. गुरुजी छडीने हनुवट्या सरळ करत होते. एरवी बाजारात बैलाचे दात बघावेत तसे तात्या एकेकाच्या कानाकडे वाकून बघत होते. बाई हाताची घडी घालून बाजूला उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे तात्यांनी एकदाही पाहिलं नाही. चांगल्या खात्यापित्या घरांतली थोराड पोरं पार होत होती. त्यातल्या एकाला मराठी मुळाक्षरंही येत नव्हती. ज्यांना पाढे पाठ होते अशी बारकी पोरं बाजूला काढली जात होती. धाकटीची पाळी आली. तिने डोळे मिटले, टाचा वर केल्या. टाचा वर करून हात लांब होत नाही हे तिला कोण सांगणार?

"न्हाय लागत," तात्या म्हणाले. "पुढच्या साली बघू."

ती बाजूला जाऊन उभी राहिली. रडली नाही. इतरांचे कान बघत राहिली.

त्या दिवशी जीपचा ड्रायव्हर लग्नाला गेला होता, म्हणून तात्यांचा नातू घरीच होता आणि आजोबांचं बोट धरून तिथं आला होता. रांग बघून त्याला खेळ वाटला. चाचा म्हणाले, "तात्या, साहेबांचा बी हात बघा की!"

कुणी काही म्हणायच्या आत पोराने आपणहून हात डोक्यावरून टाकला. धाकटीपेक्षाही लांब राहिला. त्याने मान वाकडी केली, तरी लागेना. मग तो मोठ्याने म्हणाला, "आजोबा, पुरत न्हाय!"

मैदानात हशा पिकला. आधी बायका हसल्या, मग गडी. तात्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"त्येचं येगळं हाय," ते म्हणाले. "त्येची फी भरल्याली हाय."

इतकं प्रामाणिक वाक्य त्या माणसाच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. बालमन, जीभ, कच्चं मडकं, मातृभाषा हे सगळं बाजूला सारून मुद्दा अखेर चार शब्दांत बाहेर आला होता. पण झालेलं हसं त्यांना पचलं नाही. "सरकारचा नेम पाचवीचा हाय," ते ओरडले, "तर पाचवीच! खोली कुणालाच मिळणार न्हाय. गुरजी, कुलूप लावा."

गुरुजींनी लावलं.

त्या संध्याकाळी वडील बाईंच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, "बाई, आमच्या विहाराची खोली मोकळी असती सकाळी. फळा मी करून घेतो."

बाई म्हणाल्या, "उद्यापासून येते."

पहिल्या दिवशी आमच्या वस्तीतली पोरं होती आणि चाचांचा मुलगा. आदल्या दिवशी मैदानात पोट धरून हसलेल्यांपैकी एकानेही आपलं पोर पाठवलं नाही. दोन दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला: बाईंनी वर्ग मारुतीच्या पारावर घ्यावा, मग सगळेच पोरं धाडतील. बाईंनी उलट निरोप पाठवला, "इथे फळा आहे, सावली आहे आणि शिकणारी मुलं आहेत. पारावर काय आहे?" तात्या खोटारडे होते, पण त्यांचं खोटं उघडंनागडं तरी होतं. या हसणाऱ्यांना इंग्रजी हवी होती, फक्त आमच्या उंबऱ्यातून नको होती.

पुढे त्या हसणाऱ्यांतली एक बाई मुलीला घेऊन आली. दारातच उभी राहिली. मुलीच्या गळ्यात पाण्याची बाटली अडकवलेली. "तहान लागली तर ह्यातलंच पी," असं तिने बाटलीवर बोट ठेवून मुलीला बजावलं. आमची आई आतून ऐकत होती. तिने मुलीला आत बसायला बस्कर दिलं आणि त्या बाईकडे बघितलंसुद्धा नाही. मुलगी मात्र रोज आली.

वर्षअखेर बाईंची बदली झाली. कुणी करवली हे सांगायची गरज नाही. निरोपसमारंभात त्यांना शाल-नारळ देताना तात्यांनीच भाषण केलं, आणि बाईंच्या 'तळमळीचा' उल्लेख करताना त्यांचा आवाज जरासुद्धा कापला नाही. तोवर धाकटी गोष्टीचं लहान इंग्रजी पुस्तक अडखळत का होईना एकटी वाचू लागली होती. बाईंनी जाताना दिलेली पुस्तकं ती पुढेही वाचत राहिली, आणि न कळलेले शब्द मला विचारत राहिली. त्यातले निम्मे मलाही येत नसत, मग आम्ही दोघी शब्दकोश काढत असू.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा वर्तमानपत्रात बातमी आली की आता सरकारच पहिलीपासून इंग्रजी आणणार. तात्यांनी सरकारचीही वाट पाहिली नाही. शाळेच्या त्याच खोलीत 'इंग्रजी वर्गाचा शुभारंभ' ठरवला आणि तालुक्याचे साहेब बोलावले. लहानपणी जीभ कोवळी असते, तेव्हाच भाषा बसते, असं ते आता गावभर सांगत होते. ज्या तोंडाने मडकं फोडलं त्याच तोंडाने.

साहेबांचं स्वागत इंग्रजीत करायचं होतं. नातू तोवर पुण्याला वसतिगृहात होता आणि गावात ते करू शकेल अशी धाकटीच होती. तात्या स्वतः आमच्या अंगणात आले. खुर्ची दिली, ते बसले नाहीत.

"बाळ, चार वळी इंग्रजीत म्हणायच्या. गावाची इज्जत हाय."

धाकटी दप्तर भरत होती. तिने विचारलं, "तात्या, बाईंना बोलावलंय का?"

"कोण बाई?"

"इंदापूरच्या."

तात्या आठवू लागले. खरंच आठवू लागले, नाटक नव्हतं. त्यांना आठवलं नाही.

"मग न्हाय जमायचं," ती म्हणाली, आणि दप्तर उचलून शाळेच्या वाटेला लागली.