चुलतसासऱ्यांची इंग्रजी कवायत

इंग्रजी भाषा साहेबानं निर्माण केली हे खरं असेल, पण तिला शिस्त लावली ती आमच्या चुलतसासऱ्यांनी, आणि तीही उंब्रजजवळच्या एका खेड्यात, लिंबाखाली खुर्ची टाकून. पल्टनीच्या कचेरीत हवालदार-कारकून म्हणून त्यांची उमर गेली होती. पेन्शन घेऊन ते गावी आले ते एक ट्रंक, एक झुपकेदार मिशी आणि इंग्रजी विरामचिन्हांविषयीचं अफाट प्रेम घेऊन. इंग्रजी शब्दांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "शब्द काय, डिक्शनरीत ढिगानं घावत्यात," ते म्हणायचे, "खुणा मातुर अंगात भिनाव्या लागत्यात." शब्द म्हणजे नुसते नवे भरती झालेले रंगरूट, त्यांना कुठं थांबायचं, कुठं वळायचं हे सांगणारा हवालदार म्हणजे कॉमा, असा त्यांचा सरळ हिशेब होता. हवालदाराशिवाय सोडलेले रंगरूट थेट नदीत जाऊन पडतात, हे त्यांनी म्हणे डोळ्यांनी पाहिलं होतं.

माझी आणि त्यांची पहिली गाठ माझ्याच लग्नात पडली. आम्ही सांगलीचे. वडील हळदीच्या पेठेत दिवाणजी; त्यांनी हौसेनं पत्रिकेची एक बाजू इंग्रजीत छापून घेतली होती. मी मुंडावळ्या बांधून बसलो होतो, तोच हे गृहस्थ आले आणि कोपराला धरून मला मांडवाच्या कडेला घेऊन गेले. मुलीकडचा वडीलधारा माणूस नवऱ्या मुलाला बाजूला घेतोय म्हटल्यावर माझ्या वडिलांचा चेहरा पडला. आता मानपानाचं काहीतरी निघणार! चुलतसासऱ्यांनी खिशातून पत्रिका काढली. तिच्यावर तांबड्या पेन्सिलीचा सडा पडला होता. "जावईबापू," ते हळूच म्हणाले, "तुमच्या नावाम्होरं कॉमा न्हाई. तुमी, तुमचं वडील, आजा, गाव, समदं येका दमात वाचावं लागतंय. अक्षता पडायच्या आदी माणूस गुदमरून मरंल की!" भटजी हाका मारून मारून घसा बसवत होते, पण माझ्या हातून तो कॉमा घालून घेतल्याशिवाय त्यांनी मला बोहल्यावर जाऊ दिलं नाही. मुहूर्तावर घातल्यामुळं कॉमा चांगला ठसठशीत आला, असं ते पुढं वर्षभर पाहुण्यारावळ्यांना सांगत होते.

खिशात खडू असल्याशिवाय त्यांचं पाऊल घराबाहेर पडत नसे. उंब्रजच्या रस्त्यावर चहाला थांबलेले मालट्रक हे त्यांचं खास कुरण. ट्रकच्या पाठीवर 'हॉर्न प्लीज' दिसलं की यांनी गाठलंच. एकदा एका ड्रायव्हरनं त्यांना ट्रकच्या मागं वाकलेलं पाहिलं आणि तो गरम चहाचा कप तसाच टाकून धावत आला. "ओ आबा, काय करताय?" "फुलस्टॉप लावतोय," हे मान वर न करता म्हणाले. "त्येच्याबिगर तुजा हार्न थांबणार कसा?" ड्रायव्हरनं आधी त्यांच्याकडं पाहिलं, मग खडूच्या ठिपक्याकडं, आणि भुतानं झपाटल्यासारखी गाडी काढून तो कराडच्या दिशेनं पसार झाला. "बगा," ते मला म्हणाले, "आता कसा भरवशानं चाललाय!"

लग्नानंतर मला चुलतसासऱ्यांच्याच गावच्या शाळेत गणिताच्या मास्तराची नोकरी लागली आणि जावई म्हणून लांबून पाहिलेलं हे रूप मला रोज जवळून पाहायला मिळू लागलं. गावकऱ्यांनी वर्गणी काढून, पत्र्याची खोली उभारून आठवीचा वर्ग नुकताच सुरू केला होता. त्या काळी इंग्रजी आठवीपासून असायचं आणि इंग्रजीचा ट्रेनिंग झालेला मास्तर त्या आडगावी यायला तयार नव्हता. चुलतसासरे फुकट शिकवायला उभे राहिले. उभेच राहिले, आणि वर्गालाही उभं केलं. कारण त्यांची विरामचिन्हं बसून शिकायची नव्हतीच. वाचताना कॉमा आला की डावा पाय धाडकन आपटायचा. फुलस्टॉपला टाचा जुळवून सावधान. प्रश्नचिन्हाला उजवा हात डोक्यावरून आकड्यासारखा वळवायचा. उद्गारचिन्हाला जागच्या जागी उंच उडी. सेमीकोलनला अर्धी बैठक, "धड बसाचं न्हाई, धड उटाचं न्हाई, ग्रामपंचायतीवानी मधीच ऱ्हायाचं." अवतरणचिन्हं आली की दोन्ही हातांची दोनदोन बोटं कानांशी उभी. शेजारच्या खोलीत मी त्रैराशिक शिकवत असायचो आणि भिंतीपलीकडून एखादी पल्टन किल्ला सर करत असल्याचा आवाज यायचा. सगळ्या गावाला याची लागण झाली. खिडकीतून बघून बघून सरपंचसुद्धा तयार झाले. दुकानात गुळाचा भाव विचारताना पोरींचे हात आपसूक डोक्यावर जायचे आणि दुकानदार खुणेनंच उत्तर द्यायचा.

अशात शाळा तपासायला साहेब येणार असल्याची वर्दी आली. गाव त्यांना जुन्या सवयीनं 'दिपोटी' म्हणायचं. त्यांनी मान्यता दिली नाही तर आठवीचा वर्ग बंद. पोरं कशीबशी उंब्रजला जातील, पण पोरींना कोण पाठवणार? आणि मला काळजी होती ती आणखी एका माणसाची. चुलतसासऱ्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांचा सबंध दिवस त्या एका तासाभोवती फिरायचा. सकाळी उठून खाकी विजारीला कडक इस्त्री करायची, मिशीला तेल लावायचं, ते त्या तासासाठी. मी हात जोडून म्हटलं, "मामा, त्या दिवशी तेवढी कवायत नको." ते दुखावले, पण म्हणाले, "जावईबापू, सबूद देतो. साहेबाम्होरं वाचताना येकाचा बी पाय हलायचा न्हाई."

आणि खरंच हलला नाही. साहेब आले, सरपंचांच्या शेजारी खुर्चीत बसले, एकेका मुलानं, मुलीनं दगडासारखं उभं राहून धडा वाचला. साहेब खूश झाले. इतके खूश झाले की "इंग्रजी कसं वाचायचं ते आता मी दाखवतो," म्हणून स्वतःच पुस्तक घेऊन उठले. साहेब उठले तसा सगळा वर्ग उठला. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आपण वाचताना पाय हलवायचा नाही, एवढंच पोरांना बजावलं होतं. साहेबानं वाचल्यावर काय करायचं, हे कुणीच सांगितलं नव्हतं!

साहेबांना तपकिरीची सवय. दोन शब्द वाचून ते चिमूट घ्यायला थांबले. धाड! सगळ्या वर्गाचा डावा पाय. साहेब दचकले, पुन्हा थांबले. धाड! "व्हॉट इज धिस?" असं त्यांनी विचारताच सगळे हात डोक्यावरून वळले. "सायलेन्स!" ते ओरडले, आणि वर्ग एकदम हवेत. पत्रा थरथरला, वरची धूळ साहेबांच्या टोपीवर आली, तपकीर नाकात गेली आणि त्यांना शिंका सुटल्या. प्रत्येक शिंकेला वर्ग इमानानं उडी मारत होता. सरपंचही खुर्चीवरून उठून उडी मारत होते. शेवटी साहेब मटकन बसले, त्याबरोबर सगळ्यांच्या टाचा जुळल्या.

"कोणी शिकवलं हे?" चुलतसासरे पुढं आले, खाडकन सलाम ठोकला. "म्या, साहेब." "ट्रेनिंग कुठं झालं?" "पल्टनीत, साहेब." साहेबांनी रुमालात तोंड लपवलं. ते शिंकताहेत असं आम्हांला वाटलं, पण त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते. मग त्यांनी वह्या मागवल्या. स्पेलिंगचा सगळा आनंदीआनंद होता, पण खुणा मात्र जागच्या जागी उभ्या होत्या. जाताना साहेबांनी हवालदारांशी हात मिळवला.

पुढच्या महिन्यात मान्यतेचा कागद आला. गावानं गुलाल उधळला. कागदात एकच अट होती: इंग्रजीला ट्रेनिंग झालेला मास्तर नेमावा. ती चुलतसासऱ्यांना सांगायला मी लिंबाखाली गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मिशी दोनदा कुरवाळली. "वर्ग ऱ्हायला न्हवं?" ते म्हणाले. "पोरी ऱ्हायल्या. मग झालं की."

नवे मास्तर सांगलीकडचे, अगदी कोवळे होते. त्यांना घ्यायला उंब्रजच्या स्टँडवर चुलतसासरेच गेले आणि नको नको म्हणत असताना त्यांची ट्रंक डोक्यावर घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तासाची घंटा झाली आणि मला ते आठवीच्या दारात उभे दिसले. कडक इस्त्रीची विजार, मिशीला तेल. आत मास्तर फळ्यावर लिहीत होते. यांनी चपला बाहेर काढल्या.

"मास्तर," ते हळू आवाजात म्हणाले, "पाठीमागं बसलो तर चालंल का? मदी बोलणार न्हाई."

"अहो, या की आबा," मास्तर म्हणाले. चुलतसासऱ्यांचा गुडघा वाकत नव्हता. तरटावर एक मुलगी सरकली, दुसरीनं हाताला धरून त्यांना खाली बसवलं. मी माझ्या वर्गावर परत आलो, पण बराच वेळ फळ्याकडंच तोंड करून उभा राहिलो. पोरांकडं वळायचा धीर होईना.