रोज सकाळी येणारी चौकट

कर्जतच्या एसटी स्टँडमागे भिमाजी सरांचा टायपिंगचा क्लास होता. तिथे लंकाबाई साळवे इंग्रजी टायपिंग शिकवायच्या. शिक्षण दहावीपर्यंतच. इंग्रजी बोलायला बिचकायच्या, पण पानावरचं एक चुकलेलं अक्षर त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

१९९८ साली सरांनी एक जुना कॉम्प्युटर आणला. आधीच्या मालकाने त्यात राशिभविष्याचा प्रोग्राम घातलेला. मशीन चालू केलं की तो जन्मतारीख विचारायचा. वैतागून सरांनी त्याचं फोल्डरच उडवलं. जन्मतारीख विचारणं थांबलं, पण तिच्या जागी करडी चौकट यायला लागली: राशी नावाची फाइल सापडत नाही. ओके दाबलं की जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

नगरहून आलेला मेकॅनिक म्हणाला, "सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल."

"म्हंजे पोरांच्या परीक्षेच्या याद्याबी जातील?" लंकाबाईंनी विचारलं.

"जातीलच."

"मग ऱ्हाऊ द्या."

तो गेल्यावर त्या सरांना म्हणाल्या, "सर, प्रोग्राम तर आता न्हाई. मग त्याला हाक कोन मारतंय?"

"मशीनच मारत असंल की, बाई."

"पन मशीनला त्याचं नाव कुनी सांगितलं? कुठंतरी लिहिलेलं असनारच."

चौकटीतलं नाव त्यांनी वहीत अक्षरन् अक्षर उतरवलं. दुपारी क्लास रिकामा झाल्यावर फाइली शोधायची खिडकी उघडली. फाइलींच्या आतला मजकूरही तिथे शोधता येत होता. नाव टाइप केलं. पडद्यावरचं भिंग गोल गोल फिरत राहिलं. लंकाबाईंचा चहा निवला. शेवटी एकच फाइल निघाली. ती उघडली, तर 'रन', म्हणजे 'चालव', या शब्दापुढे तेच नाव!

आधी त्यांनी फाइलीची प्रत फ्लॉपीवर घेतली. मग तेवढं एक नाव खोडून मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. सर पाठीमागे येऊन उभे राहिले.

"येईल बघा आता चौकट," सर म्हणाले.

आली नाही. लंकाबाईंनी खात्रीसाठी आणखी दोनदा तसंच केलं. तरी नाही.

"बाई, कमाल केलीत तुमी!"

त्यांचं मात्र लक्षच नव्हतं. त्यांनी ती फाइल पुन्हा उघडली होती.

"सर, ह्यात अजून लई वळी हायेत."

"आता काही पुसू नका हं!"

"पुसत न्हाई. कोन कशाला हाय, तेवढं बघते," म्हणत त्यांनी कपाटातला इंग्रजी शब्दकोश काढला आणि पहिली ओळ वहीत उतरवायला घेतली.