काळ्या पाइपात गोड तंबाखू

व्हॅनिलाचा गोड वास आला, की अजूनही माझा घास घशाखाली उतरत नाही. घरचे म्हणतात, निवृत्त झालात, आता तरी विसरा. विसरायला मी काय कमी प्रयत्न केले?

तेव्हा मी आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेल्या कापसाच्या पट्ट्यात पोलीस सर्कल इन्स्पेक्टर होतो. थंडीचे दिवस होते. दुपारी फोन आला, एक म्हातारा ओसरीवर खुर्चीत जळून मेला. मयत गृहस्थ बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतून निवृत्त होऊन गावी शेती करायला आलेले. पाइप ओढायचा नाद तिकडच्या एका वरिष्ठामुळे लागलेला. मुलगा सांगत होता, "बाबाले डुलकी लागली असंल. पाइप मांडीवरच्या दुलईवर पडला. कापूसच तो, पेटाले कितीक वेळ लागते?"

खुर्चीच्या पायाशी काळा लाकडी पाइप पडला होता. तंबाखू अर्धवट जळालेला. आम्ही तो मुद्देमालात घेतला आणि पंचनामा लिहायला बसलो. पाचसहा वडीलधारे हात जोडून उभे. "साहेब, आधीच जळालेला देह, आता कापाकापी नका करू. दिवस मावळायच्या आत अग्नी देऊ द्या." आकस्मिक मृत्यूत हे नेहमीचंच. सून भिंतीला टेकून बसली होती, चार वर्षांची पोर मांडीवर. नवरा तिच्या डोक्याशी उभा होता आणि तिथून हलत नव्हता.

तेवढ्यात एक निवृत्त शिक्षक आले. मयताचे मित्र, तेही पाइप ओढणारे. रोज संध्याकाळी दोघांची बैठक असायची. गुरुजी रडले, डोळे पुसले आणि मग त्यांची नजर त्या पाइपवर गेली. वाकून त्यांनी वास घेतला. चेहराच बदलला.

"साहेब, हा पाइप त्यानं ओढलाच नाही."

मी वैतागलो. "गुरुजी, ही काय वेळ आहे?"

"ऐका त खरं. त्याचे पाइप तीन. हा रुंद वाटीचा काळा, फक्त कडक, धुरकट तंबाखूसाठी. उंच, निमुळता आहे तो पिवळ्या पानाचा. अन् गोड वासाचा ओढायचा त मक्याच्या कणसाचा. लाकडात वास मुरते, साहेब. तुमी मासोळीच्या भगोण्यात खीर शिजवता काय? एकदा मी चुकून याच्यात गोड भरला, त आठ दिवस बोलला नाही माह्यासंगं!"

मी वास घेतला. जळक्या कापसाच्या, जळक्या माणसाच्या त्या दर्पात पाइपातून व्हॅनिलाचा गोडसर वास येत होता.

"आणखी एक," गुरुजी हळूच म्हणाले, "वर्षभरापासून त्याचे हात थरथरत होते. पाइप सूनबाईच भरून देत होती. तिची चूक कधीच होत नव्हती."

मी वडीलधाऱ्यांना सांगितलं, शवविच्छेदन होणार. आरडाओरडा झाला. होऊ दिला. जिल्ह्याच्या दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला तो असा: श्वासनलिकेत काजळी नाही, कवटीला मागून मार. म्हणजे माणूस आधी मेला, मग जाळला.

मुलाला ठाण्यात बसवलं. मी आवाज चढवत नाही. समोरचा माणूस शांततेला जास्त घाबरतो. चहा पाजला, तिन्ही पाइप टेबलावर ठेवले.

"पाइप कोणी भरला?"

"बाबानंच."

"ज्या हातात चहाचा कप ठरत नव्हता, त्या हातांनी?"

तो चपापला. आणि मग जे बोलला, त्यानं जबाब लिहिणारा आमचा राइटरसुद्धा थांबला. "मंग तिनं भरला. चुकीचा तंबाखू तिनंच घातला ना? तिनंच मारलं असंल म्हाताऱ्याले. तिले धरा, मले काऊन धरून राह्यले?"

तंबाखू चुकीचा आहे, हे त्याला मी सांगितलं नव्हतं. गुरुजींचं ओसरीवरचं बोलणं त्यानं कान देऊन ऐकलं होतं आणि लगेच बायकोच्या गळ्याला फास तयार केला होता. फास साधा नव्हता. पाइप तिनं भरलेला, घरात तिसरं कोणी नाही. सब-इन्स्पेक्टर मला म्हणाला, "सर, अटक तिलाच करावी लागेल."

महिला कॉन्स्टेबलला बसवून मी तिला वेगळं विचारलं. पोरीच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली, "तो बाहीर हाय काय?"

"कोठडीत आहे. बोल बाई."

"मामाजी अर्धं वावर माह्या नावानं करणार होते. हा मले मारते म्हणून. त्यावरून भांडण झालं. यानं ढकललं, मामाजी न्हाणीच्या दगडावर पडले ते उठलेच नाही. मंग यानं पोरीले विहिरीच्या काठावर उभं केलं अन् मले म्हणे, बुढ्याचा पाइप भर."

"आणि घाईत चुकीचा तंबाखू भरलास?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं.

"चुकीचा काऊन भरीन, साहेब? रोज मीच भरत होती ना. गुरुजी येतील, वास घेतील, हे मले मालूम होतं. तोंडानं सांगतलं असतं त पोर गेली असती. म्हणून पाइपात सांगतलं."

तीस वर्षं नोकरी केली. असं मी ऐकलं नव्हतं. पोर विहिरीच्या काठावर, सासरा पुढ्यात मरून पडलेला, आणि त्या घटकेला ही बाई तंबाखूचा डबा निवडते! मी उठून बाहेर गेलो आणि उगाच जीपला टेकून उभा राहिलो.

न्हाणीच्या दगडाच्या खाचेत रक्त सापडलं. मुलानं कबुली दिली. त्याला जन्मठेप झाली.

लोक मला विचारतात, या प्रकरणानं काय शिकवलं. एवढंच, की घटनास्थळी जी व्यक्ती गप्प बसलेली असते, तिचं बोलणं बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेलं असतं. ते कुठे ठेवलंय, हे आपण शोधायचं.

सुनेच्या साक्षीच्या वेळी कोर्टात मुद्देमालाचं सीलबंद पाकीट फोडलं. इतक्या काळानंतरही त्या काळ्या लाकडातून गोड वास आला. उलटतपासणीत डगमगली नव्हती ती बाई, पण तो पाइप हातात देताच तिचा बांध फुटला. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "माह्या हातानं खराब झाला. मामाजी असते त लय रागावले असते."