भट्टीतली घाई

मुलांनो, काल तुमच्या रेवाताईने प्रयोगशाळेतून फोनवर एक पांढरी चकती दाखवली. तिला मधोमध तडा गेला होता.

"आजी, पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाच्या, साखळ्या आपोआप नक्षीत बसतात. त्यांच्याभोवती सिरॅमिकच्या भिंती धरतात. मग भट्टीत पॉलिमर जाळून टाकायचं, की डोळ्यांना न दिसणारी छिद्रं उरतात. तीच हवी असतात."

"मग ही तडकली कशी?"

"घाई केली गं मी. हळूहळू तापवायला हवं होतं. आतला आधार भराभर जळाला आणि भिंती अजून कच्च्याच होत्या."

फोन ठेवला तरी ती चकती डोळ्यांसमोरून जाईना. माणूसही घराला असाच आतून धरून असतो. तो गेल्यावर त्याची जागा रिकामी होणारच, पण तिलाही वेळ द्यावा लागतो.

तुमचे आजोबा गेले, त्यानंतर चौदाव्या दिवशी मी त्यांचं कपाट आवरलं. सदरे, चष्मा, काठी, सगळं देऊन टाकलं. संध्याकाळी तुमचा बाबा रिकामे हँगर बघत उभा राहिला. "आई, एक सदरा तरी ठेवायचास," एवढंच म्हणाला.

त्यानंतर त्याने माझ्यासमोर वडिलांचा विषय कधीच काढला नाही. तुम्ही विचारलंत तर कदाचित बोलेल. माझं विचारायचं धाडस होत नाही.