टॅग म्हणतो मालेगाव

महेशनं मोबाइल काउंटरवर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "भाऊ, एकच सांगा. हे खोटं बोलू शकते काय?"

मंगरूळपीरला बसस्टँडजवळ माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. फोन खरं बोलतो की खोटं, हे लोक मलाच विचारतात. जसा काही मीच त्याला लहानाचा मोठा केला. स्क्रीनवर नकाशा होता. आमच्या जिल्ह्यातलं मालेगाव, मालेगावातली एक गल्ली आणि गल्लीत एक ठिपका.

"हे माह्या सासऱ्याचं घर आहे," महेश म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

महेशचं कामरगावला कृषी केंद्र आहे. दिवाळीनंतर त्यानं माझ्याकडून दोन टॅग नेले होते. एक गाडीच्या किल्लीला लावला. दुसरा त्याच्या आईच्या बटव्यात टाकला. बटव्यात तिची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ. त्या माउलीला, आम्ही तिला काकू म्हणतो, वस्तू लपवून ठेवायची भारी हौस. लपवलेली जागा मग स्वतःलाच आठवत नाही. म्हणून टॅग.

आणि आता बटवा कपाटात नव्हता. महेशच्या मेव्हण्याचं, म्हणजे त्याची बायको वैशाली हिच्या भावाचं, मालेगावला लग्न झालं. सगळं घर जाऊन आलं. गर्दीत नको म्हणून काकूंनी एकदाणी घातली नव्हती. परत आल्यावर काही दिवसांनी कपाट उघडलं तर बटवा गायब. महेशनं ॲप उघडलं तर ठिपका सासरवाडीत.

"मंग? वहिनी काय म्हणते?"

"म्हणते मी हात बी नाई लावला. आई म्हणते, एकदाणीले काय पाय फुटले? दोघी बोलून नाई राह्यल्या. परवा वैशाली बॅग भरून माहेरी गेली. तुमी म्हना का मशीन चुकलं, मी तिले आजच घेऊन येतो."

आता आली का पंचाईत. मशीन चुकलं म्हणालो तर मी विकलेला माल खोटा. बरोबर म्हणालो तर त्याची बायको चोर. कोणाच्या संसाराचा निकाल लावायला मी दुकान टाकलं नव्हतं. मग मी त्याला टॅग काय असतो ते पहिल्यापासून समजावलं. तुम्हालाही सांगतो, कारण अर्ध्या लोकांना वाटतं त्यात सिमकार्ड असतं.

टॅग म्हणजे कोटाच्या बटणापेक्षा जरा मोठी चकती. आत घड्याळात घालतात तसा सेल. सिम नाही, जीपीएस नाही. ती ब्लूटूथवर नुसती पुटपुटत राहते, मी इथे आहे, मी इथे आहे. जवळून एखादा फोन गेला, त्यात ती सोय चालू असली, तर तो ऐकतो आणि कंपनीला कळवतो. फोनवाल्याला पत्ताही नसतो. माणसं जास्त जमली की बातमी लवकर पोचते. एखाददुसऱ्या फोनवर पोचेलच असं नाही. म्हणजे टॅग शेवटचा कुठे ऐकू आला, तेवढंच तो ठिपका सांगतो.

"म्हंजे खरं का खोटं?" महेशनं विचारलं.

"खरं. पण..."

"झालं तं मंग," तो म्हणाला. माझा 'पण' त्यानं ऐकलाच नाही.

मला राग आला. मी म्हटलं, "अरे, मालेगावले जा. जवळ गेला का बटन दाबून टॅग वाजवता येते. घरात असन तं वाजन."

"सासरवाडीत जाऊन चोरीचा माल शोधू काय? उद्या त्यायच्या घरात पाय ठेवता येईन काय मले?"

तेही खरंच होतं. जावई सासऱ्याच्या घरी जाऊन कपाटापुढे फोन धरून उभा, हे चित्र मलाही पटेना. मी चहा सांगितला. चहा पिऊन तो गेला.

पुढच्या आठवड्यात त्याचा फोन. "भाऊ, ठिपका हालला. कारंज्याकडं दाखवते."

"वहिनी कारंज्याले गेली काय?"

"ते घरीच आहे. तिच्या भावाले इचारलं मी. तापानं पडली आहे म्हणे."

मी पार चक्रावलो. वैशाली मालेगावात अंथरुणावर आणि एकदाणी कारंज्याच्या रस्त्यावर. महेशनं नकाशाचा फोटो पाठवला. ठिपका एका मंगल कार्यालयावर होता. काकूंनी लगेच अर्थ लावला की सुनेनं माल विकला आणि आता सोनाराची बायको घालून मिरवते. महेश म्हणे, लग्नालग्नांत चोऱ्या करणारी टोळी असेल. मला कशाचाच अर्थ लागेना. टॅग बटव्यात आहे की कोणी काढून फेकला, हेही सांगता येत नव्हतं. दोन दिवस मी दुसऱ्यांचे फोन उघडत होतो आणि डोक्यात ही एकदाणी फिरत होती. एका गिऱ्हाइकाचा स्क्रीन मी उलटा बसवला, तिथपर्यंत मजल गेली.

त्यानंतर ठिपका पुन्हा गप्प. आणि मग एक दिवस दुपारी महेश फोनवर धापा टाकतच बोलला, "भाऊ, मंगरूळात दाखवते. तुमच्या गावात. दुकानाच्या मांगच्या लॉनवर."

तो आईला घेऊन गाडीनं निघाला. बटवा ओळखायला आई पाहिजे म्हणे. ते येईपर्यंत मी लॉनच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आत लग्नच होतं. तिसऱ्यांदा लग्न. तेव्हा पहिल्यांदा माझ्या टाळक्यात थोडा उजेड पडला. खेड्यात टॅग पुटपुटत असला तरी ऐकणारे फोन कमी. लग्नात सगळीकडून पाहुणे येतात, प्रत्येकाच्या खिशात फोन. म्हणून तो लग्नातच दिसत होता. पण एकदाणी लग्नात जात होती कशाला, हे काही समजेना.

महेश आला. त्याच्या फोनवर 'जवळ आहे' असं आलं. आम्ही तिघं बिनबोलावलेले मांडवात शिरलो. बटण दाबलं. पण बँडवाल्यानं असा काही जोर धरला होता की बॉम्ब फुटला असता तरी कळला नसता. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी बँड थांबला. महेशनं पुन्हा बटण दाबलं.

पीप, पीप, पीप.

आवाज बायकांच्या बाजूनं आला. एक जाडजूड आत्याबाई, नवरदेवाची आत्या, मोठी थैली मांडीत घेऊन बसली होती. थैलीत आहेराच्या साड्या. बाजूच्या बाया तिच्यापासून सरकल्या. ती स्वतः थैलीकडे पाहत म्हणाली, "अवं बाई, साडी कायले वाजून राह्यली?"

मी पुढे होऊन हात जोडले, कोण आहे ते सांगितलं. आत्याबाईंनी एकेक साडी कानाला लावून पाहिली. वाजणारी सापडली. खोक्यातली होती, प्लॅस्टिकसकट. मधली घडी उलगडली आणि काकूंचा बटवा बाहेर पडला. एकदाणी आत होती, टॅग आत होता.

मी काकूंकडे पाहिलं. त्या बटव्याकडे पाहतच नव्हत्या. साडीकडे पाहत होत्या.

"आई, ओळखू येते काय साडी?" महेशनं विचारलं.

"हे मीच नेसवली व्हती," काकू म्हणाल्या. "मालेगावच्या विहिणीले."

आता जे कळलं ते असं. आमच्याकडे प्रत्येक घरात देण्याघेण्याच्या साड्यांचा एक वेगळा गठ्ठा असतो. आहेरात आलेली साडी नेसायची नसते, पुढच्या लग्नात पुढे द्यायची असते. खोकंही कोणी उघडत नाही. घरात मजूर येत-जात होते, म्हणून काकूंनी बटवा त्या गठ्ठ्यातल्या एका साडीच्या घडीत लपवला. त्या गठ्ठ्याला कोण हात लावतो? आणि मालेगावला जायच्या घाईत त्यांनीच वरची साडी उचलून विहिणीला नेसवली, म्हणजे खोक्यासकट आहेरात दिली. विहिणीनं ती कारंज्याच्या लग्नात आत्याबाईंना दिली. आत्याबाई आज तिसरीला देत होत्या.

काकू साडी परत मागणार तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "तुमचा बटवा घेऊन जा बापा. साडी देनं आहे." आणि घडी नीट करून त्यांनी ती पुढच्या बाईच्या ओटीत घातली.

तिथूनच आम्ही मालेगावला गेलो. मला साक्षीदार म्हणून गाडीत बसवलं होतं. शटर ओढायलाही दुकानात जाऊ दिलं नाही, शेजारच्याला सांगावं लागलं. वैशालीच्या आईनं पाणी आणलं. सगळी हकिकत ऐकून ती काकूंना काही बोलणार होती, पण विहिणीची साडी तिनंही न नेसताच पुढे ढकलली होती. दोघी विहिणी एकमेकींचे पेले भरत बसल्या. मला हसू आलं. मग वैशाली बाहेर आली आणि हसू गेलं. तोंड सुकलं होतं तिचं.

काकू म्हणाल्या, "चाल बाई घरी. माही चूक झाली." खरं सांगतो, त्या वयाच्या बाईला सुनेपुढे असं बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं.

वैशालीनं त्यांच्याकडे पाहून मान हलवली. त्यांच्यावर तिचा राग नव्हता. ती महेशला म्हणाली, "मी समोर बसून सांगतलं का मी नेली नाई. तुमी फोन काढून पाह्यला. आता फोननं सांगतलं का मी नेली नाई, तं गाडी घेऊन आले. हा फोन बंद पडला असता तं मी जलमभर चोरच राह्यली असती ना?"

महेशनं माझ्याकडे पाहिलं. हा काही रिपेअरिंगचा सवाल नव्हता.

ती त्या दिवशी आली नाही. आली ती बऱ्याच दिवसांनी, भावासोबत, अंगात ताकद आल्यावर. महेशशी ती आजही कमीच बोलते, असं काकू सांगतात.

टॅग मी अजून विकतो. माल चांगला आहे. घेणाऱ्याला आता आधी बसवतो आणि सांगतो की टॅग वस्तू कुठे ऐकू आली ते सांगेल. कोणी नेली ते घरच्यांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेलं ऐकायची तयारी नसेल तर टॅग नेऊ नका.